डीकनच्या पायांवरच्या पट्ट्या

आर्डिथ,

तुला पत्र लिहिण्यात अर्थ नाही, हे मला ठाऊक आहे. चष्मा शोधायचा कंटाळा करून तू पाकीट उशीखाली सारशील आणि रविवारी तुझी भाची आली की तिच्याकडून वाचून घेशील. ती बया निम्म्या ओळी गाळते. माझं अक्षर लागत नाही म्हणे. तिला सांग, या खेपेला एकही ओळ गाळायची नाही. परवा एक शहाणा माणूस मला विचारत होता, घोड्यांच्या शर्यतींविषयी नवख्यानं आधी काय जाणून घ्यावं? त्याच्या डोळ्यांपुढे मे महिन्यातला तो लुईव्हिलच्या मोठ्या शर्यतीचा शनिवार, बायकांच्या टोप्या आणि जिंकलेल्या घोड्याच्या पाठीवरची गुलाबांची चादर. मी म्हटलं, आधी आर्डिथ पेल्फ्रीला जाणून घ्या. कोण ती, म्हणाला. म्हणून हे लिहिते आहे. इथून पुढे तुला 'तू' म्हणणार नाही, 'ती' म्हणेन. परक्यांपुढे तुझ्याविषयी तुझ्याच तोंडावर बोलणं मला जमत नाही. कुठे चुकलं तर राहू दे तसंच. दुरुस्त्या करत बसायचा दम आता ना तुझ्यात ना माझ्यात.

बफेलो बेंडला गुलाब नव्हते. ओहायो नदीच्या काठाला, पलीकडच्या पोलाद कारखान्याच्या धुरात ते मैदान होतं. बघायला यायचे ते बहुतेक त्याच कारखान्यातून घरी बसवलेले म्हातारे, घरून थर्मासमध्ये कॉफी भरून आणणारे. धावणारे घोडे म्हणजे मोठ्या मैदानांवरून एकेक पायरी घसरत इथवर आलेले. माणसांचंही तेच.

आर्डिथ मोतद्दार होती. क्लेटन स्टॅम्बॉ नावाच्या माणसाच्या तबेल्यात, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाच्या तबेल्यात. पूर्व केंटकीच्या डोंगरातली मुलगी. बाप खेचरांनी ओंडके ओढायचा. एकोणिसाव्या वर्षी एका देखण्या पोराचा हात धरून ती इथे आली. तो सकाळी घोड्यांना दौड द्यायचा आणि दुपारी झोपायचा. एका हिवाळ्यात तो फ्लोरिडाला मैदानं चालू असतात म्हणून गेला. तो काही परत आला नाही. आर्डिथनं त्याची वाट पाहिली असेल-नसेल, तिनं कधी सांगितलं नाही. तिला चार घोड्यांची लीद काढायची होती.

तिचं आयुष्य म्हणजे हेच होतं. पहाटे उठून तोबरे बघायचे, कोणी दाणा शिल्लक ठेवला, कोणी का ठेवला. मग लीद, पेंढा, पाणी, खरारा. मग पाय. शर्यतीच्या घोड्याचं सगळं नशीब त्याच्या पायांत असतं, आणि तेही गुडघ्याखालच्या काड्यांसारख्या नळ्यांत. आर्डिथ प्रत्येक घोड्यापाशी उकिडवी बसून त्या नळ्यांवरून हाताची उलटी बाजू फिरवायची. ऊन लागतंय का गार, एवढंच बघायचं. एवढ्यापायी तिचे गुडघे गेले, कंबर गेली आणि औषधी तेलानं बोटांची सालटी गेली. लोक म्हणायचे, आर्डिथबाईंना घोड्यांचं फार वेड. तिला कसलंही वेड नव्हतं. ती दमलेली असायची. पण दमलेलं माणूसही सवयीनं हात फिरवत राहतं.

अपवाद डीकनचा.

डीकन हा गर्द तांबड्या रंगाचा, खच्ची केलेला घोडा. सहा वर्षं तिच्याकडे होता. चावरा होता, पावसाळी चिखलात धावायला नाखूष, आणि शेजारच्या ठाणात कोणी शिंकलं तरी कान पाडून बघणारा. डीकन म्हणजे चर्चमधला धर्मसेवक; हा अगदी खवट भटजीसारखा. पण मैदानावर उतरला की पहिल्या वळणापर्यंत जीव टाकून पळायचा, दर वेळी, जणू कोणी त्याला कधी सांगितलंच नव्हतं की शर्यत त्याच्या पुढेही असते. त्याचं वय झालं होतं. त्या वर्षी उन्हाळ्यात क्लेटन तिला म्हणाला होता, "हंगाम संपला की घेऊन जा त्याला. तुझ्या बहिणीच्या रानात सोड. मला नको त्याचा पैसा." आर्डिथनं बहिणीला कळवलं. भाच्यानं रानाच्या कडेला नवं कुंपण घातलं, डीकन उडी मारणाऱ्यांतला नाही हे सांगूनही चांगलं उंच घातलं. त्या बाईला आयुष्यात स्वतःचं म्हणून काही मिळणार होतं, ते एवढंच.

हंगामाचे शेवटचे आठवडे उरले होते. एका सकाळी क्लेटन ठाणाच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. त्याच्या हातात टोपी दिसली की आर्डिथला कळायचं.

"डीकनचं नाव दिलंय," तो म्हणाला. "मंगळवारच्या शर्यतीत."

"कुठल्या?"

"खालच्या."

"सगळ्यात खालच्या?"

"आता आणखी खालची असती तर तिथं दिलं असतं गं. शर्यतीला घोडे पुरेनात, कचेरीतला माणूस मागेच लागलाय. म्हणतो, घोडे उतरवत नसाल तर पुढच्या वर्षी दोन ठाणं कमी देतो. मी काय करू?"

"नाही म्हण."

"तूच जाऊन म्हण त्याला. तुला घाबरतो तो."

"क्लेटन, कोणी मागितला तर?"

"त्या म्हाताऱ्याला कोण मागतंय? ही शेवटची शर्यत. आईशपथ."

इथं जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर कुणी मध्येच विचारेल मागणी कसली. बफेलो बेंडच्या बहुतेक शर्यती विकाऊ असायच्या. शर्यतीत उतरलेल्या प्रत्येक घोड्याला आधीच किंमत लावलेली; जितकी खालची शर्यत, तितकी कमी किंमत. त्या मैदानावरच्या दुसऱ्या कुणाला घोडा हवा असेल तर त्यानं शर्यतीआधी कचेरीतल्या पेटीत मागणीची चिठ्ठी टाकायची. दारं उघडून घोडे सुटले की त्या क्षणी घोडा त्याचा. मग जिंको, हरो, नाहीतर पाय मोडून वाटेत पडो. जुन्या मालकाला नाही म्हणायची सोय नाही, नव्याला माघार नाही. चांगला घोडा कमअस्सल घोड्यांत घुसवून कोणी आयतं बक्षीस लाटू नये, म्हणून हा नियम. घुसवलात तर गमवाल. सरळ नियम आहे. आणि सरळ नियम आला की त्याला वळसा घालणारे आलेच.

स्टॅम्बॉच्या तबेल्याचा वळसा म्हणजे पट्ट्या. घोड्याच्या पुढच्या पायांना पट्ट्या दिसल्या की बघणाऱ्याला वाटतं, नसा दुखावल्यात, नको ही ब्याद. म्हणून ठणठणीत घोड्याच्या पायांनाही पट्ट्या बांधायच्या. थोरल्या स्टॅम्बॉपासून ही युक्ती चालत आलेली, आणि बांधणारे हात आर्डिथचे. डीकन सहा वर्षांत खालच्या शर्यतीत उतरला की प्रत्येक वेळी पट्ट्या लेवून उतरला. पहिली दोन वर्षं लोक फसले. मग साऱ्या मैदानाला कळून चुकलं की स्टॅम्बॉच्या घोड्याला पट्ट्या असल्या म्हणजे घोडा पोलादासारखा आहे. तरी युक्ती सोडायची कोणाला सुचलं नाही. जुन्या लबाडीचीही सवयच होते.

मंगळवारी पहाटे आर्डिथ डीकनपाशी उकिडवी बसली आणि पुढच्या डाव्या नळीवरून तिनं हाताची उलटी बाजू फिरवली. ऊन लागली. फार नाही. चहाचा पेला विसळून ठेवल्यावर जेवढा ऊन राहतो तेवढी.

तिनं क्लेटनला बोलावलं. तो वाकला, त्यानं हात लावला.

"मला नाही लागत काही."

"तळहात लावलास. उलटा लाव."

त्यानं उलटा लावला. मग म्हणाला, "या वयात सकाळी सकाळी माझंही अंग असंच ऊन असतं."

"नाव काढून घे."

"आता काढलं तर दंड आणि वर ती दोन ठाणं. डॉक्टर येईलच, बघू दे त्याला."

मैदानाचा घोड्यांचा डॉक्टर आला. आर्डिथनं डीकनला दुडक्या चालीनं नेऊन आणला. आणि हा नाटक्या, परकं माणूस दिसलं की मान ताठ, कान पुढे, पावलं कशी लयीत. डॉक्टर म्हणाला, "छान आहे की." आणि पुढच्या ठाणाकडे गेला.

दुपारी आर्डिथ पट्ट्यांच्या गुंडाळ्या हातात घेऊन त्याच्यापुढे बसली आणि तशीच बसून राहिली. तिला सगळं दिसत होतं. पट्ट्या बांधल्या तर समोरच्याला वाटणार, नेहमीचं नाटक, घोडा उत्तम. उघड्या पायांनी नेला तर लोक चमकणार: स्टॅम्बॉनं आज पट्ट्या का नाही बांधल्या? घोडा कोणाच्या तरी गळ्यात मारायचा दिसतोय. मग चिठ्ठी पडणार नाही. डीकन तिचाच राहील. फक्त ती ऊन लागणारी नस आधाराशिवाय धावेल.

क्लेटन खोगीर खांद्यावर टाकून आला. "बांध की. काय बघतेस?"

आर्डिथनं पट्ट्या बांधल्या. नेहमीच्या दिखाऊ नाही; खाली कापूस घालून, घट्ट, पण रक्त कोंडणार नाही अशा. असं तिनं त्याच्यासाठी कधीच बांधलं नव्हतं. गरज पडली नव्हती.

जिथं घोड्यांवर खोगिरं चढवतात, तिथं कठड्याला रेलून आल्सीड गिडरी उभा होता. लुइझियानाचा माणूस, स्वतःचे घोडे घेऊन उन्हाळाभर इथं आणि हिवाळ्यात घरी. खिशात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, टरफलं जिथं उभा असेल तिथं. त्यानं डीकनच्या पायांकडे बघितलं आणि आर्डिथला डोळा मारला.

"आर्डिथबाई, आजारी वाटतं तुमचा धर्मगुरू?"

"आहेच आजारी," ती म्हणाली.

"अरे देवा. प्रार्थना करीन हो त्याच्यासाठी." आणि आजूबाजूचे हसले.

डीकन पहिल्या वळणापर्यंत जीव टाकून पळाला. दुसऱ्या वळणावर त्याचं डोकं वर झालं. मागच्यांनी त्याला एकेक करून गाठलं. स्वार शहाणा होता, त्यानं चाबूक उगारला नाही, चौथा आणला. परतताना डीकनचं डावं पाऊल आखूड पडत होतं. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. आर्डिथ लगाम धरायला पुढे झाली तर कचेरीचा माणूस तिच्या आधी पोचला आणि त्यानं लगामाला लाल चिठ्ठी अडकवली. मागणी पडली होती.

तिथली रीत अशी की घोडा जातो, पण साज जात नाही. जुन्या मोतद्दारानं आपला लगाम उतरवून घ्यायचा, नव्यानं आपली मोरकी चढवायची. आल्सीड स्वतः मोरकी घेऊन आला होता. आर्डिथनं लगाम उतरवला. डीकननं सवयीप्रमाणे तिच्या बाहीला दात लावले.

"डावा पुढचा," ती म्हणाली. "गार पाण्यात ठेव. दोन तास ठेव. आणि उद्या त्याला ठाणाबाहेर काढू नकोस."

"परत तेच?" आल्सीड हसत म्हणाला. "घोडा गेला बाई आता. नाटक पुरे."

"नाटक नाही आल्सीड."

"मग पट्ट्या कशाला होत्या?"

दुखत होतं म्हणून पट्ट्या बांधल्या, हे वाक्य त्या मैदानावर कोणाच्याही तोंडी चाललं असतं. तिच्या चालेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीकनची नस केळ्यासारखी फुगून बाहेर आली होती. बातमी न्याहारीच्या आत सगळीकडे. तबेल्यांच्या मागच्या खानावळीत आल्सीड ताटात पावासारखी मऊ बिस्किटं आणि पांढरी ग्रेव्ही घेऊन बसला, तर नालबंद होबर्ट त्याच्या शेजारी येऊन टेकला.

"आल्सीड, एक विचारू? पट्ट्या असल्या म्हणजे घोडा चांगला ना?"

"गप रे."

"नाही, शिकतोय मी. आणि जास्त पट्ट्या असल्या म्हणजे जास्त चांगला?"

सगळी खानावळ खिदळली. वाढणारी बाई म्हणाली, "आर्डिथनं सहा वर्षं सापळा लावला होता हो याच्यासाठी!" आणि तिथूनच ती कथा पक्की झाली: आर्डिथ पेल्फ्रीनं खरी पट्टी खोटी भासवून गिडरीला लंगडा घोडा गळ्यात मारला. लोक तिच्या पाठीवर थाप मारून जायचे. क्लेटननंसुद्धा एकदा कौतुकानं बघितलं. तिनं कोणाला समजावत बसायचं? आणि काय?

दुपारी ती आल्सीडच्या तबेल्यात गेली. डीकन मागच्या ठाणात, पाय पाण्याच्या पिंपात. निदान एवढं तरी तो करत होता. आल्सीड उलट्या बादलीवर बसून शेंगा सोलत होता. त्यानं तिला बस म्हटलं नाही.

"मला दे त्याला," आर्डिथ म्हणाली. "तो आता धावायचा नाही. माझ्या बहिणीचं रान आहे. कुंपण घातलंय."

"मला शेंडी लावायची आणि वर घोडाही परत घ्यायचा. झकास."

"शेंडी कोणी लावली? नस ऊन होती म्हणून बांधल्या."

"बाई, तुम्ही सहा वर्षं त्याच पट्ट्या बांधून आम्हा सगळ्यांना बनवलंत. मलाही एकदा बनवलंत, आठवतं? आणि आज म्हणता, कालचं तेवढं खरं माना. काल खरं होतं हे मला कसं कळायचं? दवंडी पिटली होतीत?"

"सांगितलं होतं. आजारी आहे म्हणाले."

"तसंच सांगतात खोटं बोलणारे."

आर्डिथ म्हणाली, "हो." मग, "मी चुकले म्हण. घोड्यावर राग काढू नको."

आल्सीडनं शेंग तोंडात टाकली. माणूस वाईट नव्हता. पण सगळं मैदान ज्याला हसतं, त्याला चांगुलपणा परवडत नाही. "तुम्हाला दिला तर लोक म्हणतील, घोडाही गेला आणि अक्कलही. माझ्या मेव्हण्याचं शेत आहे आमच्याकडे, ओपेलूसासला. पोरं बसतील त्याच्यावर. नाहीतर बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

त्या काळी हंगाम सरला की मैदानाच्या मागच्या फाटकाशी एक जाळीची मोठी गाडी यायची. ती लंगड्या घोड्यांना कुठं नेते हे सगळ्यांना माहीत असायचं आणि तिच्याविषयी कोणी बोलत नसे. आर्डिथनं त्या गाडीचं नाव घेतलं नाही. आल्सीडनंही नाही. ती डीकनच्या ठाणापाशी गेली, त्याच्या मानेवर हात ठेवला. त्यानं कान पाडले. ती परत आपल्या कामाला लागली. तीन घोडे अजून तिच्याकडे होते.

शेवटच्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी आल्सीडची गाडी निघाली. डीकन तिच्यात चढताना आर्डिथनं लांबून बघितला. दक्षिणेचा रस्ता लागेपर्यंत गाडी तिला दिसत राहिली. त्यापुढे कुठे गेली, कुठे थांबली, तिला कळायचा मार्ग नव्हता. आल्सीड पुढच्या उन्हाळ्यात बफेलो बेंडला आला नाही. तो दुसऱ्या कुठल्या मैदानावर जायला लागला. बहिणीच्या रानात भाच्यानं गाई सोडल्या.

हिवाळ्यात तबेले बंद झाले की आर्डिथ माझ्या मागच्या खोलीत राहायची. मैदानाजवळच्याच शाळेत शिकवत होते मी तेव्हा. त्या डिसेंबरात एका संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात काळे अक्रोड फोडत बसलो होतो. नाताळला मी माझ्या मुलीकडे, लुइझियानाला, लाफायेतला जाणार होते. हे आर्डिथला आधीपासून ठाऊक होतं.

"ओपेलूसास तिथून लांब आहे का गं?" तिनं विचारलं.

"अर्धा तास. का?"

मला कळलं होतं का ते. तरी विचारलं.

"आल्सीडच्या मेव्हण्याचं शेत. विचारलंस तर कोणीही सांगेल. असेल तर दिसेलच." मग तिनं माझी बाही वर सारली, माझा हात टेबलावर आडवा ठेवला आणि मनगटापासून कोपरापर्यंत आपल्या हाताची उलटी बाजू फिरवली. "अशी. तळहातानं काही कळत नाही. डावा पुढचा. गाठ तर राहणारच, गाठीचं काही नाही. फक्त ऊन आहे का गार, एवढं बघ. चावेल. चावू दे."

"मी आणि घोड्याचा पाय!"

"मुलांची कपाळं बघतेस ना, ताप आहे का? तसंच."

मी हो म्हटलं. तिनं मला माझ्याच हातावर दोनदा करून दाखवायला लावलं.

त्याच आठवड्यात माझ्या जावयाची तेलाच्या कंपनीतली नोकरी गेली. साऱ्या लुइझियानातच ते वर्ष तसं होतं. मी जायच्या ऐवजी मुलगी, जावई, दोन्ही मुलं, सगळं बिऱ्हाड गाडीत भरून तेच माझ्याकडे आले. गाडी दाराशी लागली तेव्हा आर्डिथ अंगणातलं बर्फ ओढत होती. तिनं फावडं भिंतीला टेकवलं, गाडीवरच्या लुइझियानाच्या नंबरच्या पाटीकडे बघितलं, आणि मग बॅगा आत न्यायला लागली. मोठी बॅग तिनंच उचलली, तिच्या त्या कंबरेनं.

मुलीचं बिऱ्हाड पुन्हा तिकडे गेलं नाही. आर्डिथनं पुन्हा विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. ओपेलूसासला मी आजतागायत गेलेले नाही.